अलेक्झांडरच्या द्राख्मापासून सुरुवात: ग्रीक राज्यांची चांदीची नाणी कशी जमवावीत

'दाम करी काम' असं आपण सहज म्हणून जातो. त्यातला 'दाम' आला 'द्रम्म' या शब्दावरून, आणि द्रम्म आला ग्रीकांच्या 'द्राख्मे'वरून. कोकणातल्या शिलाहारांच्या लेखांत रकमा द्रम्मांत लिहिलेल्या आढळतात. म्हणजे या लेखात ज्या नाण्याविषयी बोलायचं आहे, त्याचं नाव हजारएक वर्षं आपल्या मुलखात नांदलेलं आहे.

शिवराई, मुघल रुपये किंवा कंपनी सरकारची नाणी जमवून झाली आणि आता ग्रीक चांदीकडे वळावंसं वाटतंय, अशा वाचकासाठी हे लिहिते आहे. दोन गोष्टी आधीच सांगते. पहिले सहा महिने काहीही विकत घेऊ नका. आणि पहिलं नाणं घ्याल ते अलेक्झांडरच्या नावाचं छोटं द्राख्म असू द्या. देखणा चेहरा असलेलं मोठं, महागडं नाणं नंतर येईल. असं का म्हणते, ते पुढे उलगडत जाईल.

पायरी १: आधी नकाशा डोक्यात बसवा

इ.स.पू. ३२३ मध्ये अलेक्झांडर बाबिलोनमध्ये वारला आणि सेनापतींनी त्याचं राज्य वाटून घेतलं. तिथपासून इ.स.पू. ३० मध्ये सातवी क्लिओपात्रा मरेपर्यंतचा काळ आपल्या विषयाचा. इजिप्तमध्ये टॉलेमी घराणं, सीरिया ते इराणपर्यंत सेल्युकिड, मॅसिडोनियात अँटिगोनिड, थ्रेसमध्ये एकटा लिसिमाकस, पर्गमममध्ये अटालिड आणि पूर्वेला बॅक्ट्रियाचे, म्हणजे आजच्या उत्तर अफगाणिस्तानच्या बाजूचे, ग्रीक राजे. या बॅक्ट्रियाच्या राज्यातूनच हिंदुकुश ओलांडून भारतात आलेले यवन, म्हणजे ग्रीक, राजे निघाले.

प्रत्येक घराण्याची एक खूण लक्षात ठेवली की निम्मं काम होतं. गरुड वज्रावर बसलेला दिसला की टॉलेमी. अपोलो हातात बाण घेऊन ओम्फालोस नावाच्या गोल दगडावर बसलेला दिसला की बहुधा सेल्युकिड. मॅसिडोनियन ढालीच्या मध्यभागी पॅन देवाचं डोकं असेल तर अँटिगोनस गोनाटस. टोपलीतून बाहेर येणारा साप म्हणजे पर्गममच्या बाजूचं सिस्टोफोरस नावाचं नाणं. आणि अमुन देवाचं मेंढ्याचं शिंग कानावर वळलेला अलेक्झांडर, मागे विजयदेवतेला तळहातावर घेऊन बसलेली अथेना, हे लिसिमाकसचं नाणं. माझ्या मते त्या काळातली ही सर्वांत सुंदर रचना. बहुतेक संग्राहकांचा जीव पहिल्यांदा तिच्यातच अडकतो, आणि खोटी नाणी करणाऱ्यांनाही हे ठाऊक असतं.

पायरी २: डोळ्याआधी काटा

दोन दशांशांपर्यंत ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा, दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि व्हर्नियर कॅलिपर एवढी सामग्री पुरते. सराफाकडे असतो तसा काटा ऑनलाइन स्वस्तात मिळतो. सोबत तपासणीचं वजनही घ्या, कारण स्वस्त काटे पावसाळ्यात भरकटतात.

अलेक्झांडरने अथेन्सचं म्हणजे अॅटिक वजनमान स्वीकारलं. द्राख्म सुमारे ४.३ ग्रॅम आणि त्याच्या चौपट टेट्राद्राख्म सुमारे १७.२ ग्रॅम. बराच काळ हातोहात फिरलेलं द्राख्म ४ ग्रॅमच्या आसपास किंवा थोडं खालीही उतरलेलं असतं, त्यात वावगं काही नाही. पण झीज दिसत नाही, नक्षी ताजी आहे आणि टेट्राद्राख्म १५ ग्रॅम भरतं आहे, तर नाणं तिथेच ठेवा.

हा धडा मी पैसे मोजून शिकले. एका प्रदर्शनात लिसिमाकसचं टेट्राद्राख्म स्वस्तात मिळतंय म्हणून घेतलं. विक्रेत्याकडे काटा नव्हता, माझ्याकडेही नव्हता. घरी येऊन तोललं तर १५.१ ग्रॅम. भिंगाखाली अथेनेच्या ढालीजवळ टाचणीच्या टोकाएवढे गोल खड्डे दिसले. ओतीव नाणं होतं. त्या दिवसापासून काटा पिशवीत असल्याशिवाय मी नाणी बघायला जात नाही.

मात्र सगळ्या राज्यांना एकच माप लावू नका. टॉलेमीने इजिप्तमधलं नाणं मुद्दाम हलकं केलं आणि त्याचं टेट्राद्राख्म सुमारे १४.२ ग्रॅमवर स्थिरावलं. परदेशी व्यापाऱ्याला बाहेरची जड नाणी देऊन ही हलकी घ्यावी लागत, आणि फरक राजाच्या तिजोरीत जाई. सिस्टोफोरस सुमारे १२.६ ग्रॅमचा. यवन राजांनी भारतात आल्यावर वेगळंच वजन धरलं: द्राख्म सुमारे २.४५ ग्रॅम, टेट्राद्राख्म सुमारे ९.८ ग्रॅम. घराणं ओळखल्याशिवाय वजनावरून निवाडा देता येत नाही.

घनतेची चाचणी घरच्या घरी होते. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. नाणं बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असं धरा. काटा जो आकडा दाखवेल त्याने नाण्याच्या कोरड्या वजनाला भागा. १७.०० ग्रॅमच्या नाण्याला १.६४ आकडा आला तर घनता १०.३७. शुद्ध चांदीची १०.५, तांब्याची ८.९. आत तांबं आणि वर चांदीचा पत्रा असलेली नाणी त्या काळीही बनत; ती इथे पकडली जातात. छोट्या द्राख्माच्या बाबतीत ही चाचणी ढोबळच धरा, कारण काटा एका शतांशाने हलला तरी उत्तर पावभर सरकतं. आणि आजचे ठग चांगली चांदी वापरतात, तेव्हा घनता बरोबर आली म्हणजे नाणं खरं असं मुळीच नाही.

पायरी ३: षष्ठी वाचायला शिका

नाण्यांपुरतं ग्रीक शिकायला एक रविवार पुरे. चोवीस मोठी अक्षरं आहेत. रोमन लिपी येत असेल तर काही फसवतात: रोमन पी सारखं दिसतं ते 'र', एच सारखं दिसतं ते दीर्घ 'ए'.

आता मजेची गोष्ट. अलेक्झांडरच्या नाण्यावर 'आलेक्झांद्रोस' असं नाव नसतं, 'आलेक्झांद्रू' असतं. ही षष्ठी विभक्ती आहे: अलेक्झांडरचं (नाणं). त्याआधी कधीकधी 'बासिलेओस' येतं, म्हणजे राजाचं. मिनँडरच्या, म्हणजे बौद्ध परंपरेतल्या मिलिंदाच्या, नाण्यावर एका बाजूला ग्रीकमध्ये 'बासिलेओस सोतेरोस मेनान्द्रू' आणि दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपीत प्राकृतातून 'महाराजस त्रतरस मेनंद्रस'. तारणहार महाराज मिनँडरचं. तीच षष्ठी. शाळेत तोंडपाठ केलेली विभक्ती दोन हजार वर्षांपूर्वीच्या चांदीवर भेटते, तेव्हा मला अजूनही आनंद होतो.

नंतरच्या सेल्युकिड नाण्यांवर वर्षही लिहिलेलं असतं, अक्षरांतून. इ.स.पू. ३१२ पासून सुरू होणारा सेल्युकिड शक, आणि प्रत्येक अक्षराला एक अंक. पहिल्या दिमित्रियसच्या टेट्राद्राख्मावर खाली आल्फा, क्सी, ऱ्हो दिसले तर १ अधिक ६० अधिक १००, म्हणजे वर्ष १६१, म्हणजे इ.स.पू. १५२-५१. तारीख लिहिलेलं प्राचीन नाणं हवं असेल तर हा कोपरा जरूर बघा.

पायरी ४: द्राख्मच का

पर्शियन बादशहांच्या खजिन्यातली चांदी हाती आल्यावर अलेक्झांडरच्या नावाने नाणी पाडण्याचं प्रमाण अफाट वाढलं. आशिया मायनरमधल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) लॅम्पसाकस, अबिडस, सार्डिस, मिलेटस, मॅग्नेशिया, कोलोफोन, तेओस अशा टांकसाळींनी विशेषतः द्राख्मं पाडली. म्हणून ती आज मोठ्या संख्येने बाजारात आहेत. नीट वाचता येणारं द्राख्म परदेशी लिलावांत साधारण १०० ते ३०० डॉलरच्या दरम्यान मिळून जातं. संख्या जास्त असल्याने तुलनेला नमुने भरपूर सापडतात, आणि शिकणाऱ्याला तीच खरी सोय.

नक्षी सर्वांवर एकच. पुढे सिंहाचं कातडं डोक्यावर ओढलेला हेराक्लीस, मागे सिंहासनावर बसलेला झ्यूस, एका हातात गरुड, दुसऱ्यात राजदंड. टांकसाळ ओळखायची ती झ्यूससमोरच्या मोकळ्या जागेतल्या आणि सिंहासनाखालच्या खुणांवरून: मशाल, तारा, मधमाशी, जोडाक्षरासारखी गुंफलेली ग्रीक अक्षरं. कोलोफोनच्या काही द्राख्मांवर तंतुवाद्य दिसतं.

ओळखण्याचं काम क्रमाने करा. आधी वजन आणि व्यास लिहा. मग डावीकडची खूण, मग सिंहासनाखालची, मग नाण्यावरच्या अक्षरांत फक्त नाव आहे की राजाची पदवीही आहे. अलेक्झांडरच्या जागी 'फिलिप्पू' असेल तर तो त्याचा सावत्र भाऊ तिसरा फिलिप, इ.स.पू. ३२३ ते ३१७. एवढी टिपणं घेऊन अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या 'पेला' या मोफत ऑनलाइन सूचीत शोधा. तिथले क्रमांक मार्टिन प्राइस यांच्या १९९१च्या सूचीवर आधारलेले आहेत, आणि विक्रेते 'प्राइस अमुक' असं लिहितात ते हेच. सेल्युकिड, टॉलेमी आणि बॅक्ट्रियाच्या नाण्यांसाठीही त्याच संस्थेच्या अशाच सूच्या आहेत. रोज रात्री पंधरा मिनिटं दहा नाणी ओळखायची, एवढं सहा महिने केलंत तर हात आपोआप बसतो.

इथे एक सावधगिरी. 'हयातीतलं' या शब्दाला बाजारात जास्त भाव मिळतो, आणि म्हणून तो सैल हाताने वापरला जातो. अलेक्झांडरच्या नावाने त्याच्या मृत्यूनंतरही काही शहरं दोनशेहून अधिक वर्षं नाणी पाडत होती. झ्यूसचे पाय समांतर असतील तर नाणं आधीचं, एकावर एक असतील तर नंतरचं, असा ठोकताळा सांगतात. तो उपयोगी आहे, पण सगळीकडे लागू नाही. चकती रुंद आणि पातळ, नक्षी सैल, असं टेट्राद्राख्म मात्र बहुधा इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या आसपासचं. क्रमांक जुळवून पाहिल्याशिवाय जास्तीचे पैसे देऊ नका.

पायरी ५: खोटं कसं ओळखावं

खरं नाणं ठोकलेलं असतं. पुढचा ठसा ऐरणीत बसवलेला, त्यावर तापवलेली चांदीची चकती, वर मागचा ठसा आणि हातोड्याचा घाव. घावामुळे चांदी कडेकडे पळते. भिंगाखाली अक्षरांच्या आसपास या पळापळीच्या बारीक रेषा दिसतात, काठाला लहान भेगा पडलेल्या असतात, आणि नक्षीची धार खालून वर उभी राहते. ओतीव नाण्यात हे काही नसतं. धारा वितळलेल्या साबणासारख्या, पृष्ठभागावर गोल बुडबुडे, काठावर दोन साच्यांच्या जोडाची रेघ किंवा ती रेघ घासून काढल्याच्या खुणा. म्हणून फोटोत काठ दाखवला नसेल तर आधी काठाचा फोटो मागा. विक्रेता द्यायला कचरत असेल तर तिथून निघा.

ठशाने ठोकलेली खोटी नाणी जास्त अवघड. कार्ल विल्हेल्म बेकर (१७७२-१८३०) या जर्मन माणसाने इतके सुरेख ठसे कोरले की भलेभले फसले. नवी चमक घालवण्यासाठी तो नाणी लोखंडाच्या किसात घालून घोडागाडीबरोबर हिंडवायचा, असं सांगतात. त्याचे ठसे पुढे बर्लिनच्या संग्रहालयात गेले, त्यामुळे त्याची कामं आता ओळखता येतात. आजच्या ठगांच्या ठशांची अशी यादी कुठे नसते.

त्यासाठी माझी सगळ्यात भरवशाची चाचणी ही: जुन्या लिलावांच्या चित्रसंग्रहांत तसंच दुसरं नाणं शोधायचं. एकाच ठशातली दोन खरी नाणी असू शकतात, असतातच. पण दोन्हींची चकती एकाच आकाराची, भेग त्याच जागी, नक्षी तेवढीच डावीकडे सरकलेली आणि हेराक्लीसच्या गालावर तोच ओरखडा, असं दोन खऱ्या नाण्यांत होत नाही. तो ओरखडा मूळ नाण्याचा आणि बाकीची त्याची पिल्लं. माझ्या ओतीव लिसिमाकसची तीन भावंडं मला अशीच सापडली.

ठशांचा कोनही बघा. नाणं बारा वाजताच्या बिंदूशी धरून उभ्या अक्षावर फिरवा. टॉलेमींच्या आणि बॅक्ट्रियाच्या नाण्यांत मागची बाजू जवळपास नेहमी सरळ उभी येते. बॅक्ट्रियाचं म्हणून दिलेलं नाणं वाटेल तशी तिरकी मागची बाजू दाखवत असेल तर शंका घ्या.

उलट काही दोष खरेपणाच्या बाजूने बोलतात. जुन्या सराफाने आतली चांदी पाहण्यासाठी मारलेली छिन्नीची चीर, छोट्या छापाच्या खुणा, कुणीतरी कोरलेली अक्षरं. यामुळे किंमत उतरते, पण शिकायला अशी नाणी फार चांगली. माझ्या संग्रहातलं सर्वांत आवडतं टेट्राद्राख्म चिरा पडलेलं आहे.

पायरी ६: कुठून आलं, हे विचारा

नाण्याइतकंच महत्त्वाचं त्याच्या कागदांचं बाड: जुनी पावती, लिलावाची तारीख, आधीच्या संग्रहाची चिठ्ठी. जमिनीतून चोरून काढलेलं नाणं त्याच्या जागेपासून तुटतं, आणि त्याबरोबर एक संपूर्ण पुरावा पुसला जातो. अफगाणिस्तानात हे सर्वांत वेदनादायक झालं. आय खानूम या ग्रीक शहरात फ्रेंच उत्खननकारांना १९७० मध्ये अगाथोक्लिस राजाची ६ द्राख्मं सापडली. त्यांवर वासुदेव-कृष्ण आणि संकर्षण-बलराम आहेत. ती कुठे, कशाबरोबर मिळाली ते माहीत असल्यामुळेच त्यांना इतकं मोल आहे. पुढच्या युद्धकाळात तीच जागा लुटारूंनी खणून काढली. बॅक्ट्रियाचं नाणं घेताना म्हणूनच कागद नसेल तर मी घेत नाही, किंमत कितीही कमी असो. आणि कृष्ण-बलरामाचं द्राख्म कुणी सहज विकायला काढलं तर ते खोटं किंवा लुटीचं, असंच समजून चाला.

भारतात कायदा स्पष्ट आहे. १९७२च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावशेष ठरतं, त्याचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खाजगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. शेतात किंवा घराच्या पायात नाणी सापडली तर १८७८च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. परदेशातून मागवलेलं नाणं सीमाशुल्काला खरं वर्णन आणि खरी किंमत सांगूनच आणा. अमेरिकेत, युरोपात राहणाऱ्या मराठी संग्राहकांना एक सांगणं: सुट्टीत घरच्यांना दाखवायला म्हणून संग्रह बॅगेत घालून आणू नका. परत नेताना अडचण होऊ शकते. फोटो आणा. आणि तुर्कस्तानात अवशेषांजवळ कुणी मुठीतून नाणी काढून दाखवली तर हात लावू नका. बहुतेक ती बनावट असतात, आणि खरी निघाली तर तिथला कायदा फार कडक आहे.

लिलावात बोली लावताना हातोड्याच्या किमतीवर साधारण २० टक्के किंवा त्याहून जास्त अधिभार, टपाल, विमा आणि आपल्याकडचा कर धरून आधीच वरची मर्यादा कागदावर लिहा.

पायरी ७: घासू नका

आपल्याकडे चांदी काळी पडली की हात आपोआप पितांबरी, चिंच किंवा टूथपेस्टकडे जातो. समईसाठी ठीक, प्राचीन नाण्याला यातलं काहीही लावू नका. शतकानुशतकांत जमलेला करडा थर गेला की नाणं नागडं दिसतं आणि किंमतही कोसळते. माती चिकटली असेल तर ऊर्ध्वपातित पाण्यात दोन-तीन दिवस ठेवा, पाणी बदलत राहा, बस. जुनी चांदी आतून ठिसूळ झालेली असू शकते. फरशीवर पडली तर बिस्किटासारखी दुभंगते, म्हणून नेहमी मऊ कापड पसरून, त्याच्यावरच हाताळा.

पीव्हीसीच्या मऊ पाकिटांतून हिरवा चिकट थर सुटतो. त्याऐवजी मायलरची पाकिटं किंवा आम्लरहित कागद वापरा. मुंबई-कोकणात जूनपासून डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि दर पंधरवड्याला बदला.

पायरी ८: धागा नाशिकपर्यंत आणा

दोन-तीन द्राख्मं नीट कळली की पूर्वेकडे सरका. मिनँडरचं २.४५ ग्रॅमचं द्राख्म यवन राजांच्या चांदीत सर्वाधिक मिळणाऱ्यांपैकी आहे. त्याच्या मागे बहुधा वज्र फेकणारी अथेना असते. अपोलोडोटसचं द्राख्म चक्क चौकोनी, एका बाजूला हत्ती, दुसऱ्या बाजूला वशिंडाचा बैल. इ.स.च्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात नोंद आहे की भडोचच्या बाजारात या दोन राजांची जुनी द्राख्मं अजूनही चालतात.

भडोच ज्याच्या ताब्यात होतं त्या क्षत्रप नहपानाने चांदीचं नाणं पाडलं ते याच वळणाचं. पुढे राजाचा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरं, पण भाषा ग्रीक नाही, प्राकृत. मागे बाण आणि वज्र, ब्राह्मी आणि खरोष्ठीत 'नहपानस'. पुन्हा षष्ठी. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला अशा १३,००० हून अधिक नाण्यांचा निधी सापडला, आणि त्यातल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा पुन्हा मारला होता. काहींवर सातवाहनांच्या खुणेखालून अजूनही ग्रीक अक्षरांची शेपटं डोकावतात.

विकत घेण्याआधी अशी नाणी हवी तेवढी बघा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात नाण्यांचं दालन आहे, आणि नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. अथेन्सला गेलात तर तिथलं नाण्यांचं संग्रहालय ट्रॉय खणून काढणाऱ्या श्लीमानच्या जुन्या वाड्यात आहे, अर्धा दिवस राखून ठेवा.

माझ्या पेटीतल्या सर्वांत वरच्या कप्प्यात दोनच नाणी आहेत. डावीकडे ४.१८ ग्रॅमचं कोलोफोनचं द्राख्म, उजवीकडे नहपानाचं. प्रत्येकाखाली कार्ड आहे: वजन, व्यास, ठशाचा कोन, सूचीतला क्रमांक, कुणाकडून, कधी, किती रुपयांना, आणि आधी कुणाकडे होतं. कार्डाची दुसरी प्रत भाचीकडे दिली आहे. ती नाणी जमवत नाही, पण माझ्यानंतर ही नाणी कुणाला दाखवायची, ते तिला ठाऊक आहे.